घरचा माणूस दुसऱ्याच्या चुकीनं गेला, तर भरपाईचा दावा कसा लावायचा

नागपूरच्या जिल्हा न्यायालयात येणाऱ्या बायांच्या हातात फाइल नसते, साडीच्या दुकानाची पिशवी असते. अशाच एका पिशवीतून एकदा टेबलावर निघालं ते असं: पेपरचं कात्रण, दवाखान्याची बिलं, तेरवीच्या किराण्याची यादी आणि चारपदरी घडी घातलेला पीएम (शवविच्छेदनाचा) रिपोर्ट. नवरा भाजी विकायचा. पहाटे कॉटन मार्केटहून माल घेऊन निघाला आणि कामठी रोडवर ट्रकनं उडवला. पीएम रिपोर्टात वय ४५ लिहिलं होतं. ताईंना विचारलं, तर म्हणाल्या, "नाही जी, अडतीस पूर्ण झाले होते." या सात वर्षांची किंमत किती, ते पुढे हिशेबात सांगतो.

मी वकील नाही. सिव्हिल लाइन्समधल्या एका वकिलांच्या ऑफिसात बावीस वर्षं मुन्शी होतो. अपघाती मृत्यूचे दावे कागद जुळवण्यापासून चेक हातात पडेपर्यंत पाहिले. त्यातून एक गोष्ट ठाम कळली. दावा कोर्टातल्या भाषणावर क्वचितच ठरतो. तो ठरतो पहिल्या काही आठवड्यांतल्या कागदांवर, आणि आपण योग्य दाराशी वेळेत गेलो की नाही यावर.

पोलीस केस वेगळी, क्लेम वेगळा

"पोलिसांनी गुन्हा नोंदवला, आता कोर्ट पैसे देईल" हा समज घरोघरी असतो. पोलिसांची केस ही शासन विरुद्ध आरोपी अशी चालते. निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्याबद्दल भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण आरोपीला शिक्षा झाली म्हणून घरात पैसे आपोआप येत नाहीत. भरपाईसाठी वारसांना स्वतंत्र दावा लावावा लागतो आणि त्यासाठी फौजदारी निकालाची वाट पाहायची गरज नाही. आरोपी सुटला तरी क्लेम बुडतोच असं नाही. फौजदारीत संशयापलीकडचा पुरावा लागतो, मोटार अपघाताच्या दाव्यात मात्र कोणती बाजू जास्त संभवनीय हे पाहतात.

त्या ताईंसोबत दीर आला होता. तो म्हणाला, "माणूस तं गेला नं साहेब, आता त्याचे पैसे घेऊन का कराचं?" हे प्रत्येक घरात कोणीतरी म्हणतंच, आणि म्हणणारा सहसा मनानं चांगला असतो. मी त्याला इतकंच विचारलं, की पोरांची शाळेची फी आजवर कोण भरत होतं. ते पैसे मेलेल्या माणसाची किंमत नसतात. तो जे कमावून घरात आणणार होता आणि आता आणणार नाही, ते असतात.

आधी दार ओळखा

मृत्यू कशानं झाला त्यावर कुठे जायचं ते ठरतं. प्रत्येक दाराची मुदत वेगळी आहे, आणि माणसं बहुतेक इथेच चुकतात.

रस्त्यावरचा अपघात असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरण. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १६६ खाली अर्ज करायचा. अपघात झाला ते ठिकाण, दावेदार राहतो ते ठिकाण किंवा समोरचा पक्ष राहतो ते ठिकाण, यांपैकी कुठल्याही न्यायाधिकरणात तो चालतो. समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात अपघात झाला आणि घर नागपूरला आहे, तर नागपुरातच दावा लावा. नवरा गेल्यावर माहेरी राहायला आलेल्या बाईला माहेरच्या जिल्ह्यातही लावता येतो. तारखांना दोनशे किलोमीटर जाणं तिला परवडत नाही, आणि बऱ्याच जणींना ही सोय ठाऊकच नसते.

१ एप्रिल २०२२ पासून या दाव्याला अपघाताच्या तारखेपासून सहा महिन्यांची मुदत आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयानं, पुढचा आदेश होईपर्यंत निव्वळ उशिरासाठी दावे फेटाळू नका, असं न्यायाधिकरणांना सांगितलं आहे. तरी हा आदेश उशीर झालेल्यांचा आधार आहे, उशीर करायची परवानगी नव्हे. सहा महिने हीच मुदत धरा.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर कलम १६१ खालच्या हिट अँड रन योजनेत मृत्यूसाठी २ लाख मिळतात. त्याचा अर्ज कोर्टात नाही, महसूल खात्यात जातो: चौकशी तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकारी करतात, मंजुरी जिल्हाधिकारी देतात. पुढे गाडी सापडून मोठी भरपाई मिळाली, तर हे २ लाख त्यातून वळते होतात.

स्वतःच्याच चुकीनं गाडी घसरली असेल तर समोर दावा लावायला कोणी नसतं. तरी आपल्या गाडीची पॉलिसी काढून पाहा. मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा घेतलेला असेल तर १५ लाखांचं संरक्षण असतं. कितीतरी घरांत ही पॉलिसी गाडीच्या डिकीतच पडून राहते आणि गाडी ठाण्याच्या आवारात गंजत असते.

खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे माणूस गेला, तर मुंबई उच्च न्यायालयाचा १३ ऑक्टोबर २०२५ चा आदेश लक्षात ठेवा. मृत्यूसाठी संबंधित यंत्रणेनं ६ लाख द्यायचे आहेत. महापालिकेच्या हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती त्यावर निर्णय घेते. खड्ड्याचा फोटो मात्र त्याच दिवशी काढा. असे खड्डे अपघातानंतर चोवीस तासांत बुजतात, एरवी सहा महिने बुजत नाहीत.

कामावर मृत्यू झाला, म्हणजे बुटीबोरी-हिंगण्याच्या कारखान्यात किंवा एखाद्या बांधकामावर, तर कामगार भरपाईचा दावा. मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. काम करताना आणि कामामुळे मृत्यू झाला एवढं पुरतं. सूत्र असं: महिन्याच्या पगाराच्या ५० टक्के, गुणिले वयानुसार ठरलेला आकडा. पगार कितीही असला तरी हिशेबाला जास्तीत जास्त १५,००० धरण्याची मर्यादा २०२० मध्ये ठरली. चाळिशीच्या कामगाराचा आकडा १८४.१७, म्हणजे ७,५०० गुणिले १८४.१७, एकूण १३,८१,२७५ रुपये. २१ नोव्हेंबर २०२५ पासून १९२३ च्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली, सूत्राची घडण तीच राहिली. मुदत दोन वर्षं. "तो आमचा माणूसच नव्हता, ठेकेदाराचा होता" हे कारखान्याचं उत्तर ऐकून परत फिरू नका. ठेकेदाराच्या माणसासाठी मुख्य मालकही जबाबदार धरला जातो. पगारातून ईएसआयसी (कर्मचारी राज्य विमा महामंडळाची वर्गणी) कापली जात असेल तर मात्र ही एकरकमी भरपाई नाही, महामंडळाकडून आश्रितांना दरमहा लाभ मिळतो. आणि ट्रकचा ड्रायव्हर कामावर असताना रस्त्यात गेला, तर कामगार भरपाई किंवा मोटार अपघात दावा यांपैकी एकच वाट धरता येते. आकडे मांडून मगच निवडा.

रेल्वेतून पडून मृत्यू झाला तर रेल्वे दावा न्यायाधिकरण. त्याचं खंडपीठ नागपुरात आहे. रक्कम ८ लाख, मुदत एक वर्ष. इथे जीव अडकतो तो तिकिटात. मृताच्या खिशातलं तिकीट लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलं गेलं का, ते आधी पाहा. तिकीट सापडलं नाही तरी दावा संपत नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे, की केवळ तिकीट नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं धरता येत नाही. तिकीट काढून देणाऱ्याचं किंवा स्टेशनवर सोडायला गेलेल्याचं शपथपत्र द्या.

विजेची तार पडून, शेतात करंट लागून माणूस गेला तर विद्युत निरीक्षकाचा अहवाल हा सगळ्यात वजनदार कागद. धोकादायक वस्तू बाळगणाऱ्यावर चुकीशिवायही जबाबदारी येते, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये वीज मंडळाच्या बाबतीत लावलं आहे. महावितरणकडून सानुग्रह रक्कम मिळते, पण ती घेताना "आता कोणतीही मागणी नाही" अशा ओळीवर सही करू नका.

दवाखान्यातल्या हलगर्जीपणाचा संशय असेल तर ग्राहक आयोग. मुदत दोन वर्षं. दवाखान्याला दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. तुम्ही मागत असलेली भरपाई इथे मोजत नाहीत. सरकारी दवाखान्यात सगळ्यांना फुकट मिळणारे उपचार या कायद्यात येत नाहीत, तिथे दिवाणी दावा किंवा उच्च न्यायालय हाच मार्ग. या दाव्यात दोन गोष्टी नंतर करून भागत नाही. एक, केसपेपरची पूर्ण प्रत लेखी अर्ज देऊन मागा. मागितल्यापासून ७२ तासांत ती देणं डॉक्टरांना बंधनकारक आहे. दुसरी गोष्ट बोलायला जड आहे. संशय असेल तर पीएम करून घ्या. "आधीच हाल झाले, आता आणखी चिरफाड नको" असं घरातलं वडीलधारं म्हणतं आणि त्यात काही चूक नाही. पण पीएमशिवाय मृत्यूचं नेमकं कारण कोण सांगणार? दोन वर्षांनी आयोगापुढे उरतो तो फक्त दवाखान्याचाच कागद. आणि प्रत्येक मृत्यू म्हणजे हलगर्जीपणा नव्हे. दुसऱ्या, त्याच विषयातल्या डॉक्टरला केसपेपर दाखवून त्याचं लेखी मत घ्या, मगच तक्रारीचा विचार करा.

यांपैकी कशातच न बसणारे मृत्यू, म्हणजे भिंत कोसळून, लिफ्ट पडून, उघड्या टाक्यात बुडून झालेले, ते दिवाणी न्यायालयात जातात. त्यासाठीचा कायदा १८५५ चा आहे, घातक अपघात अधिनियम, आणि तो आजही चालतो. पती किंवा पत्नी, आईवडील, मुलं, नातवंडं, आजी-आजोबा यांच्यासाठी दावा करता येतो, भावाबहिणींसाठी नाही. मुदत मृत्यूपासून दोन वर्षं.

पिशवीत काय हवं

ठाण्यातून: एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, पीएम रिपोर्ट, साक्षीदारांचे जबाब आणि नंतर दोषारोपपत्र. गाडीचं आरसी, विमा, ड्रायव्हरचं लायसन्स यांच्या प्रतीही तपास अधिकाऱ्याकडेच असतात. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल (डीएआर) ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो. ठाण्यात जाऊन "साहेब, डीएआर गेला का?" एवढंच विचारा. हा शब्द ऐकला की समोरचा जरा सरळ बसतो. हा अहवालच दावा म्हणून चालवता येतो, तरी त्याच्या भरवशावर आपला अर्ज थांबवू नका.

पंचनाम्यात गाडीचा नंबर, रस्त्याची कोणती बाजू, ब्रेकच्या खुणा, हे बरोबर आहे का ते वाचा. चुकीचं असेल तर लगेच लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. चौकातल्या दुकानांचं, पेट्रोल पंपाचं सीसीटीव्ही फुटेज काही दिवसांतच पुसलं जातं. पोलिसांना ते जप्त करायला सांगा आणि दुकानदारालाही विनंती करा. हे काम तेरवीनंतर केलं तर उशीर झालेला असतो. घरच्यांना जमत नाही, म्हणून एखाद्या भाच्याला किंवा मित्राला पहिल्या दिवसापासून नेमून द्या.

मृत्यूचा दाखला जिथे मृत्यू झाला तिथला निघतो. अपघात उमरेडला आणि मृत्यू नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात, तर नोंद नागपूरची. नावाचं स्पेलिंग आधारशी जुळतं का, ते खिडकीवरच पाहा.

वयाचा पुरावा म्हणजे शाळेची टीसी, आधार, पॅन. मिळकतीचा पुरावा हा सगळ्यात अवघड भाग. नोकरदाराचं सोपं असतं: पगारपत्रक, फॉर्म १६ आणि कंपनीचा माणूस साक्षीला. भाजीवाल्याचं, रंगाऱ्याचं, ऑटोवाल्याचं काय? त्या ताईंच्या घरी पोळ्याच्या आधीपासूनच्या अडत्याच्या पट्ट्या खिळ्याला टोचून ठेवलेल्या होत्या. त्या निघाल्या, मोबाइलवरच्या पैशांचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट निघालं, बचत गटाचा हप्ता निघाला. कर भरत नव्हता म्हणजे कमावत नव्हता असं नाही, हे या कागदांनी दाखवलं. काहीच नसेल तर न्यायाधिकरण सहसा किमान वेतनाचा आधार घेतं, पण ती शेवटची पायरी. गृहिणी गेली असेल तरी "ती कमवत नव्हती" हे उत्तर चालत नाही. घरकामाचं मूल्य धरून भरपाई द्यायची, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं आहे.

मृताच्या बँकेच्या पासबुकात मे-जूनच्या सुमारास २० रुपये कापलेले दिसतात का, तेही बघा. ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख. शेतकरी कुटुंब असेल तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख वेगळे, त्यासाठी तालुका कृषी कार्यालयात जा. या दोन्हींसाठी पहिल्या ३० दिवसांतच धावपळ करा, कोर्टाची वाट नको.

आकडा कसा निघतो

मोटार अपघाताची भरपाई अंदाजानं ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांनी पद्धत घालून दिली आहे. मिळकत घ्यायची. भविष्यातल्या वाढीसाठी त्यात भर घालायची: स्वतःचा धंदा करणाऱ्याला चाळिशीच्या आत ४० टक्के, ४० ते ५० मध्ये २५, ५० ते ६० मध्ये १० टक्के. कायम नोकरीला हेच आकडे ५०, ३० आणि १५. मग मृताचा स्वतःवरचा खर्च वजा करायचा: अविवाहित असेल तर निम्मा, दोन-तीन आश्रित असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश. उरलेल्या वार्षिक रकमेला वयाच्या गुणकानं गुणायचं. गुणक १५ ते २५ वयाला १८, तिशीपर्यंत १७, पस्तिशीपर्यंत १६, चाळिशीपर्यंत १५, पंचेचाळिशीपर्यंत १४, पन्नाशीपर्यंत १३, आणि तिथून उतरत पासष्टीपुढे ५.

आता पिशवीवाल्या ताईंचा हिशेब. मिळकत महिना १५,००० सिद्ध झाली. मागे बायको, दोन मुलं, सासू असे चार आश्रित. वय ३८ धरलं तर १५,००० अधिक ४० टक्के, म्हणजे २१,०००. वर्षाचे २,५२,०००. एक चतुर्थांश वजा जाता १,८९,०००. गुणिले १५, म्हणजे २८,३५,०००. पीएम रिपोर्टातलं ४५ धरलं तर वाढ २५ टक्के आणि गुणक १४. उत्तर २३,६२,५००. घाईत कोणीतरी अंदाजानं लिहिलेल्या एका आकड्याचे ४,७२,५०० रुपये. शाळेची टीसी काढून लावली, शाळेचा क्लार्क साक्षीला बोलावला, तेव्हा वय ३८ मानलं गेलं.

यावर सहवास गमावल्याबद्दल प्रत्येकी ४८,४०० बायकोला, मुलांना आणि आईलाही. अंत्यविधी आणि मालमत्तेची हानी यांचे प्रत्येकी १८,१५०. हे आकडे दर तीन वर्षांनी १० टक्क्यांनी वाढतात. शिवाय अर्जाच्या तारखेपासून व्याज, बहुधा ६ ते ९ टक्क्यांच्या दरम्यान.

तडजोड करायला आलेला माणूस

पहिल्या महिन्यात कोणीतरी येतोच. ट्रकमालकाचा ओळखीचा, गावचा पुढारी, कधी गोड बोलणारा दलाल. "पन्नास हजार आत्ता घ्या, कोर्टात दहा वर्षं जातील." अंत्यविधीला मदत म्हणून कोणी काही दिलं तर घ्या, पण कोऱ्या कागदावर, स्टॅम्पवर, कोऱ्या चेकवर सही नाही. विमा कंपनीकडून कलम १६४ खालची ५ लाखांची तयार रक्कम समोर आली, तर तिचा अर्थ नीट समजून घ्या. ती चूक सिद्ध न करता मिळते, पण एकदा स्वीकारली की न्यायाधिकरणातला दावा संपतो. वरचा २८ लाखांचा हिशेब आठवा. ज्या घरात मृताचीच चूक असण्याची भीती आहे, तिथे ५ लाख कदाचित शहाणपणाचे. इतरांनी आधी आकडा मांडावा. लोक अदालतीत तडजोड मी वाईट म्हणणार नाही. तिथे पैसे लवकर मिळतात, पण तिथल्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणून आपला आकडा खिशात ठेवूनच जा.

वकिलाच्या टक्केवारीबद्दलही सांगतो. निकालावर अवलंबून फी ठरवणं किंवा भरपाईत वाटा घेणं बार कौन्सिलच्या नियमांत बसत नाही. तरी ते चालतं, हे कोर्टाच्या आवारात सगळ्यांना माहीत आहे. फी आकड्यात ठरवा, कागदावर घ्या. बाई दावेदार असेल तर उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा तिचा हक्क आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा, किंवा १५१०० वर फोन करा.

उलटतपासणी

ताई पिंजऱ्यात उभ्या राहतात तेव्हा विमा कंपनीचे वकील पहिला प्रश्न हमखास हा विचारतात: "अपघात तुम्ही डोळ्यांनी पाहिला का?" पाहिला नसेल तर "नाही" म्हणा. घाबरून "हो" म्हणालेल्या बायांचे दावे अडचणीत आलेले मी पाहिले आहेत. प्रत्यक्षदर्शी साक्षीदार आणि पोलीस कागद त्यासाठीच असतात. दुसरा प्रश्न: "तुमचा नवरा दारू पीत होता का?" राग येतो. शांतपणे जे खरं ते सांगायचं. ड्रायव्हरकडे लायसन्स नव्हतं, म्हणून आम्ही देणं लागत नाही, असं कंपनी म्हणेल. अशा वेळी न्यायाधिकरण बहुधा कंपनीला आधी वारसांना पैसे द्यायला आणि नंतर ते मालकाकडून वसूल करायला सांगतं. एसटीची धडक असेल तर महामंडळच थेट प्रतिवादी. काळ किती लागेल? दोन-तीन वर्षं धरून चाला, लवकर झालं तर देव पावला.

निकाल पटला नाही तर ९० दिवसांत नागपूर खंडपीठात अपील करता येतं. विमा कंपनीही करते, आणि तिला आधी काही रक्कम भरावी लागते. रक्कम खात्यात येते तेव्हा सगळी एकदम हातात पडत नाही. बायकोचा काही भाग मुदत ठेवीत आणि मुलांचा वाटा सज्ञान होईपर्यंत एफडीत टाकायला न्यायाधिकरण सांगतं. नातेवाइकांना याचा राग येतो, मला मात्र हा नियम पटतो. मोडायची गरज पडली, म्हणजे शिक्षण, आजारपण, तर न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो आणि कारणाचा कागद लावावा लागतो. त्या ताई तीन वर्षांनी मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी पुन्हा आल्या. कॉलेजचं पत्र मागितलं, तर त्यांनी साडीच्या दुकानाची तीच पिशवी टेबलावर ठेवली. आत आता सगळे कागद तारखेप्रमाणे लावलेले होते, वर रबर बँड.